समुद्राकडे जायची गावाची वाट गेट लावून बंद केली. तहसीलदारांकडे नेमकं काय मागू?

किनाऱ्याचीलेक:

नमस्कार. आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आई आणि काका अजून तिथेच राहतात. मी नोकरीमुळे पनवेलला असते.

कोळीवाड्यातून समुद्रावर जायला एक पाणंद आहे. दोन्ही बाजूंनी पूर्वी नारळ-सुपारीच्या वाड्या होत्या. लहानपणी ती इतकी अरुंद वाटायची की समोरून टोपली डोक्यावर घेतलेली बाई आली की आम्ही कुंपणाला चिकटून उभे राहायचो. पुढे दोन्ही वाड्या विकल्या गेल्या. आधी एका बाजूला बंगला झाला, मग दुसरीकडची वाडीही त्याच मालकाने घेतली. दोन्ही बाजूंना चिऱ्याची भिंत चढली, तरी मधली वाट चालू होती. गेल्या दत्तजयंतीनंतरच्या आठवड्यात वाटेच्या दोन्ही तोंडांना लोखंडी गेट लागली. आता एप्रिल आहे.

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. पुनव आणि अवसेच्या आसपास चार-पाच दिवस मोठी सुकती असते, तेव्हा खडक उघडे पडतात आणि ती कालवं फोडायला जाते. पहाटे पाचला निघते, भरती चढायला लागली की परत येते. जानेवारीत एकदा मी सोबत होते. जाताना लांबच्या रस्त्याने गेलो. येताना तिचे गुडघे धरले होते आणि डोक्यावर भरलेली पाटी होती, म्हणून ती सवयीने सरळ पाणंदीकडे वळली. गेटच्या गजांतून तिने हात आत घातला आणि कडी चाचपली. कडीला कुलूप होतं. आतून रखवालदार आला. बिचारा उत्तरेकडचा कुठला तरी पोरगा, त्याचाही काही इलाज नव्हता. म्हणाला, माताजी, साहेबांनी मना केलंय. आई म्हणाली, "माजे सासूची वाट हाय ही. तुजा सायब कवा आला?" तो गप्प खाली बघत राहिला. आम्ही किनाऱ्याने बंदराच्या रस्त्यापर्यंत गेलो आणि तिथून वळसा घालून घरी आलो. जिथे सात मिनिटं लागायची तिथे पाऊण तास गेला. पाटीतून पाणी गळत होतं, आईच्या मानेवरून पाठीवर उतरत होतं. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

फक्त वाटेचा प्रश्न असता तर कदाचित मी एवढी पेटले नसते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात काकांच्या घराचं छप्पर गेलं. घर आजोबांच्या वेळचं. काकांनी कर्ज काढून कुडाच्या जागी चार सिमेंटचे खांब घातले आणि वर पत्रे टाकले. त्यांना सरकारी नोटीस आली: सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या, बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात) विनापरवाना बांधकाम, सात दिवसांत खुलासा करा. त्याच वादळात बंगल्याची समुद्राकडची भिंत पडली होती. ती दिवाळीच्या आत पुन्हा उभी राहिली, आधीपेक्षा दोन हात उंच आणि पुढे वाळूत सरकून. गेल्या वर्षी बायकांनी सुकट वाळवायला बांबू आणि ताडपत्रीचा मांडव घातला, तर पंचनामा करून तो उतरवायला लावला. मांडवाच्या जागेवर उभं राहिलं तर ती भिंत समोर दिसते. पंचनामा करणाऱ्यांनाही दिसली असणार.

किहीमचा नीरव मोदीचा बंगला 8 मार्च 2019 ला सुरुंग लावून पाडला, तेव्हा गावात सगळे मोबाईलवर तो व्हिडिओ बघत होते. काका म्हणाले होते, आता आपल्याकडेही येतील. कोणी आलं नाही. त्या किनाऱ्यावरच्या बंगल्यांविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका कितीतरी आधीपासून होती. हातोडा पडला तो मालक बँक घोटाळ्यात सापडून देशाबाहेर पळाल्यावर. मालक इथेच मानाने राहत असता तर तो बंगला पडला असता का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सातबारावर ही वाट कुठेच दिसत नाही, मग ती होती हे सिद्ध कशाने करायचं? अर्ज कोणाकडे करायचा? आणि काकांच्या नोटिशीला उत्तर देताना "त्यांची भिंत आहे तर आमचे खांब का नाही" असं लिहिलं तर चालेल का?

—

साखळीआणिझेंडा:

ताई, मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं रत्नागिरी आणि रायगडात काढली.

सातबारावर वाट शोधू नका. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो, वाट नकाशात असते. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून तीन कागदांच्या प्रमाणित नकला काढा: गाव नकाशा, त्या दोन्ही सर्व्हे नंबरांची फाळणी (पोटहिश्शांचा नकाशा) आणि दोन्ही बिनशेती झाले असतील तर त्या वेळचा मोजणी नकाशा. गाव नकाशात तुटक दुहेरी रेषा असेल तर तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. तुटक एकेरी रेषा असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. तुमच्या वर्णनावरून पायमार्ग असावा. ही रेषा सापडली की निम्मी लढाई झाली.

रेषा नाही सापडली तरी खचू नका. रूढीची वाटही कायदा मानतो. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावा. शेती, चराई, मासेमारी यांच्या जागांकडे जाणारी वाट अडवली तर अडथळा दूर करायचा हुकूम तिथे मागता येतो. वकील नसला तरी चालतो. तहसीलदार जागेवर येतात, जुन्या माणसांचे जबाब घेतात. कोळीवाड्यातल्या सत्तरीच्या पुढच्या चार-पाच जणांना आत्ताच तयार ठेवा. कोण कधीपासून त्या वाटेने जातं, काय घेऊन जातं, हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. हा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. दत्तजयंतीनंतर गेट लागली म्हणजे तुमची मुदत जूनमध्ये संपते. गेट कधी लागलं याचा पुरावा शोधा. कोणाच्या मोबाईलवर तारखेसकट फोटो असेल, ग्रामपंचायतीत तोंडी तक्रार झाली असेल तर तिची नोंद मागा. मुदत गेली की दिवाणी कोर्ट उरतं, आणि तिथे तुमच्या आईचं वय बघता किती वर्षं द्यायची याचा विचार करा.

भिंतीची तक्रार या दाव्यात घालू नका. ती वेगळी करा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय किनारा समितीकडे. सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे या समितीत स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी हवेत. तुमच्याकडचे ते कोण आहेत ते विचारा आणि त्यांना भेटा. त्याच अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांसाठी लिहिलंय की कुंपणाने लोकांची समुद्रावर जायची वाट अडता कामा नये आणि दोन हॉटेलांमध्ये किमान वीस मीटर रुंद मोकळी जागा हवी. तुमच्याकडे खाजगी बंगला आहे, त्यामुळे ते कलम जसंच्या तसं लागू होणार नाही, पण सरकारचं धोरण काय आहे ते दाखवायला उपयोगी पडेल. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ सरकारचा आहे. बंगल्याच्या मालकाला वाळू विकत मिळालेली नाही.

शेवटी मनातलं सांगतो. नोकरीत असताना एका अशाच कुंपणाची मोजणी मी केली होती. कुंपण पायमार्गावर सहा फूट आलं होतं. नकाशावर तांबड्या शाईने तसं दाखवलं, सही केली, वर पाठवलं. पुढे त्या कागदाचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. म्हणून सांगतो, मोजणी झाली की नक्कल त्याच आठवड्यात हातात घ्या.

—

कोर्टाचापट्टा:

वरच्या काकांनी वाटेबद्दल सगळं सांगितलंच आहे. मी तालुका कोर्टात वकिली करते, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

"त्यांचं आहे तर आमचं का नाही" हे नोटिशीच्या उत्तरात लिहू नका. घटनेच्या कलम 14 मधली समानता बेकायदा गोष्टीसाठी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलंय. दुसऱ्याचं बेकायदा बांधकाम उभं आहे म्हणून तुमचं कायदेशीर होत नाही. उलट असं लिहिलं की आपलंही बेकायदा आहे हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. खूप लोक रागाच्या भरात इथे चुकतात.

काकांची बाजू स्वतंत्रपणे भक्कम आहे. पहिली सीआरझेड अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. घर त्याच्या आधीचं आहे हे दाखवा: जुन्या घरपट्टीच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीची नोंद), विजेचं जुनं बिल, मतदारयादी. आधीपासूनच्या अधिकृत घराची तेवढ्याच जोत्यावर दुरुस्ती 1991 च्या अधिसूचनेलाही मान्य होती. शिवाय पारंपरिक मच्छीमारांची घरं मंजुरीविना राहिली असतील तर ती नियमित करण्याचा विचार व्हावा, अशी तरतूद 2011 मध्ये केली. वादळाच्या नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जोडा. घर आधीपासून होतं हे सरकारनेच त्यात लिहिलेलं असतं.

आणि भेदभाव दाखवायचा असेल तर माहिती अधिकारात मागा: 2020 पासून तुमच्या गावात सीआरझेडच्या किती नोटिसा निघाल्या, कोणाला, आणि प्रत्येकीवर पुढे काय कारवाई झाली. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तो तक्ता हातात आला की भिंतीच्या तक्रारीला जोडा.

—

आठवड्याचंघर:

मी त्या दुसऱ्या बाजूचा आहे, रागावू नका. माझंही किनाऱ्याजवळ छोटं घर आहे, पगारातून बांधलेलं. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे लोक वाटेवर बाटल्या फोडतात, गाड्या थेट वाळूत घालतात, आमच्या आवारात लघवीला येतात. दोनदा पोलिसांत गेलो, उपयोग झाला नाही. मग मीही गेट लावलं. गावातल्या लोकांना किल्ली दिली आहे. प्रत्येक गेटामागे माज असतो असं धरून चालू नका.

—

किनाऱ्याचीलेक:

दादा, रागावले नाही. बाटल्यांच्या काचा आईच्या पायातही गेल्या आहेत. पण किल्ली दिली म्हणता तिथेच माझं मन अडतं. किल्ली देणारा उद्या ती परत मागू शकतो. घर विकलंत तर पुढचा मालक देईलच असं नाही. आई त्या वाटेने लग्न होऊन आल्यापासून जाते, तिने कोणाकडून किल्ली का घ्यावी? तुम्हाला गाड्या थांबवायच्या असतील तर वाटेच्या तोंडाशी दोन दगडी खांब रोवा, माणूस जाईल आणि गाडी जाणार नाही. ग्रामपंचायतीने ठराव करून हे करावं म्हणून मी स्वतः तुमच्यासोबत सही करीन.

पोलीस तुमच्याकडे आले नाहीत म्हणता, ते मला पटतं. आमच्याकडे मात्र ते येतात. बंगल्यातून फोन गेला की वाळूत क्रिकेट खेळणारी पोरं वीस मिनिटांत उठवली जातात.

—

ताळगावचो:

मी गोव्याचा, पणजीजवळच्या ताळगावचा. आमच्या वांयंगिणीच्या किनाऱ्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. वाट कायद्याने मिळते आणि मग कायद्यानेच कशी काढून घेता येते, ते त्यात दिसतं.

दोनापावलाला एका बड्या हॉटेलासाठी सरकारने लोकांची जमीन संपादन करून दिली. करारात अट होती की समुद्रावर जायची वाट लोकांसाठी मोकळी ठेवायची. पुढे त्या जागेवर हॉटेलाचं वाढीव बांधकाम आलं. गावचे लोक आणि गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था कोर्टात गेले. उच्च न्यायालयात जिंकले. हॉटेल सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही 20 जानेवारी 2009 ला लोकांच्या बाजूने निकाल लागला. वाढीव बांधकाम पाडा, वाट मोकळी करा. नद्या, अरण्यं, समुद्रकिनारे यांचं सरकार मालक नाही, येणाऱ्या पिढ्यांसाठी सांभाळणारं विश्वस्त आहे, हे त्या निकालात स्पष्ट लिहिलंय. तुमच्या अर्जात या निकालाचा दाखला जरूर द्या. फोमेंतो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्तिन्स अशा नावाने तो सापडेल.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली, आधी वटहुकूम काढून आणि मग विधानसभेत कायदा करून. ते बांधकाम वाचलं. दुरुस्तीविरुद्ध पुन्हा लढाई झाली, पण 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून निकाल मिळवायचा, आणि विधानसभेने काही महिन्यांत त्यातली हवा काढून घ्यायची. माझे वडील ती बातमी वाचून पेपर घडी घालून बसले होते, जेवायला उठले नाहीत.

आणि याच गोव्यात वाळूतले शॅक, गाडे, टोपलीवाल्या दर मोसमात उठवले जातात. त्यांच्यासाठी कोणी वटहुकूम काढलेला मी पाहिलेला नाही.

तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. उलट तुमचा तहसीलदारांचा मार्ग छोटा आहे, हुकूम झाला की लगेच अंमल करून घ्या. गेट उघडलेल्या दिवसापासून गावाने त्या वाटेने रोज चालायचं. वाट वापरात ठेवा.

—

मुरुडचीपोर:

माझं माहेर मुरुड-जंजिऱ्याचं, सध्या कॅलिफोर्नियात असते. इथल्या एका वाटेबद्दल थोडक्यात सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बेजवळ मार्टिन्स बीच आहे. आधीचे मालक थोडे पैसे घेऊन लोकांना आत सोडायचे. 2008 मध्ये उद्योगपती विनोद खोसला यांनी ती जमीन घेतली आणि पुढे गेट बंद झालं. लाटांवर खेळणाऱ्यांच्या संघटनेने दावा लावला. 2017 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की लोकांची वाट बंद करणं हासुद्धा किनाऱ्यावरचा बदल आहे आणि 1976 च्या किनारा कायद्याप्रमाणे त्याला परवानगी घ्यायला हवी होती. 2018 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. इथे साधं गेट बंद करायलाही परवानगी लागते. आपल्याकडे भिंत बांधली तर निदान तक्रार करता येते, कुलूप लावलं तर ते कोणाच्याच खात्यात बसत नाही. दुसरं म्हणजे 2020 मध्ये राज्याच्या संस्था स्वतः वाटेसाठी कोर्टात गेल्या. तुमच्या आईला मात्र स्वतःच दावा लावावा लागतोय, गावात तलाठी असून.

—

किनाऱ्याचीलेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

गाव नकाशाची नक्कल मिळाली. साखळीकाका, एकेरी तुटक रेषा आहे! कोळीवाड्यातून निघून भरतीच्या रेषेपर्यंत सरळ जाते, दोन सर्व्हे नंबरांच्या मधून. बंगल्याच्या बिनशेतीच्या मोजणी नकाशावर मात्र ती नाही. कधी आणि कोणी गाळली ते आता विचारणार आहे. मी नक्कल घरी नेली तेव्हा आईला ती रेषा दाखवली. तिला वाचता येत नाही. तिने बोट ठेवलं आणि रेषेवरून हळूहळू पुढे सरकवत नेलं. मध्येच थांबून म्हणाली, इथं विहीर व्हती. नकाशावर तिथे खरंच विहिरीची खूण होती. ती विहीर बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाखाली गेली.

काकांच्या उत्तराला 1987 ची घरपट्टीची पावती जोडली. भिंतीची तक्रार वेगळी दिली, पोच घेतली. माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे, उत्तर यायचंय.

तहसीलदारांकडे दावा दाखल झाला. गेट लागलं त्याचा पुरावा शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर मिळाला. त्याने वेल्डिंगवाल्याचा टेम्पो आणि गेट एकत्र टिपलं होतं, कारण त्याला टेम्पोवरची रंगवलेली नक्षी आवडली होती.

सुनावणीची तारीख अवसेच्या दिवसाची पडली आहे. मी आईला म्हटलं, त्या दिवशी सुकतीला जाऊ नकोस, साडेअकराला तहसीलमध्ये पोचायचंय. ती म्हणाली, "सुकती सकाळचीच हाय. खडकावरनं तशीच येतंय, पाटी घेऊन. सायबाला म्हणेन, घे, उचलून बघ."